आक्कासाठी एक्स्चेंज तुम्हीच होतात

वाचकाचं पत्र

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो. वय ३६. चार वर्षांपासून एका भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर (जिथे बिटकॉइनसारखी क्रिप्टो नाणी विकत घेता-विकता येतात) थोडे थोडे पैसे टाकत आलो. त्यात माझे २,६०,००० आणि आक्काचे १,४०,००० होते. आक्का मिरजेला असते. भिशीचे पैसे मिळाले तेव्हा "तुझ्याबरोबर माझेही लाव" म्हणाली. दाजींना हे माहीत नाही. खातं माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

२२ दिवसांपूर्वी रुपये काढायला गेलो तर व्यवहार 'प्रलंबित' दाखवत राहिला. ॲपमध्ये फोन नंबर नव्हता, म्हणून रात्री ९.४० ला गूगलवर शोधला आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. माणूस अदबीने, चांगल्या मराठीत बोलला. त्याने स्क्रीन दाखवणारं एक ॲप घ्यायला लावलं. पुढचं मला मेलवरून कळलं. १०.१२ ला नव्या डिव्हाइसवरून लॉगिन, १०.१७ ला नवा विड्रॉल ॲड्रेस (क्रिप्टो बाहेर पाठवायचा पत्ता), १०.२१ ला अडीच लाखांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) बाहेर. १०.३० ला पासवर्ड बदलला गेला. चार वर्षांत मी एकदाही क्रिप्टो बाहेर पाठवलं नव्हतं, फक्त रुपये काढले होते. १०.४० ला एक्स्चेंजच्या मदतकक्षाला मेल टाकला, "माझं खातं ताबडतोब बंद करा." ११.०५ ला उरलेले दीड लाख गेले. उत्तर आलं ३१ तासांनी: "व्यवहार योग्य पासवर्ड व ओटीपी वापरून झालेला असल्याने त्याची जबाबदारी आपली आहे."

पोलिसांत गेलो नाही, लाज वाटते. टेलिग्रामवर एकजण ४०,००० घेऊन पैसे परत आणून देतो म्हणतोय. बायको म्हणते, चूक तुझीच. आक्का विचारते तेव्हा "बाजार पडलाय" सांगतो. खरंच सगळी जबाबदारी माझीच आहे का?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी एक काम. टेलिग्रामवरच्या त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक नोंदवहीत, पक्का झालेला व्यवहार कुणालाच उलटा फिरवता येत नाही, त्यालाही नाही. ज्याचं नुकतंच लुटलं गेलंय त्याच्याकडे आशा असते आणि घाई असते, एवढं त्याला पुरतं. चाळीस हजार दिले की मग 'नेटवर्क फी' लागेल, मग 'कर' लागेल. त्याला ब्लॉक करा, पण आधी त्याच्या संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या. तेही तक्रारीत लागतील.

दुसरं काम फोनचं. ज्या फोनची स्क्रीन त्या माणसाने पाहिली तो फोन अजून तसाच वापरत असाल तर आज थांबा. ते ॲप काढा, फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घेऊन फोन पूर्ण रिसेट करून घ्या. दरम्यान बायकोच्या फोनवरून सर्वांत आधी ई-मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांची चावी तिथे येते. ई-मेलच्या सेटिंगमध्ये तुम्ही न लावलेला 'फॉरवर्ड'चा नियम किंवा अनोळखी रिकव्हरी नंबर आहे का, तेही बघा. मग बँकेचं ॲप आणि यूपीआयचा पिन. त्या रात्री त्याने फक्त एक्स्चेंजच पाहिलं असेल असं धरून चालू नका.

आणि तिसरं, १९३०. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला असता तर अर्थातच बरं झालं असतं. तरीही आज करा. तक्रारीचा क्रमांक हातात नसेल तर पुढे एकही दार उघडत नाही. तक्रारीत दोन्ही व्यवहारांचे हॅश (ब्लॉकचेनवरचे ओळख क्रमांक), ज्या ॲड्रेसवर पैसे गेले तो ॲड्रेस, त्या 'हेल्पलाइन'चा नंबर आणि सगळे मेल द्या. तुमचे पैसे यूएसडीटीमध्ये गेले, याचा एक बारीकसा फायदा आहे. यूएसडीटी काढणारी टेदर ही कंपनी पोलिस यंत्रणांच्या विनंतीवरून एखादा ॲड्रेस गोठवू शकते आणि तिने तसं अनेकदा केलं आहे. बिटकॉइनच्या बाबतीत असं करणारं कुणीच नसतं. पैसे पुढे दुसऱ्या एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात शिरले असतील तर पोलिस त्या एक्स्चेंजला पत्र लिहू शकतात. २२ दिवसांनंतर आशा थोडी आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण थोडी आणि शून्य यांत फरक आहे, आणि तक्रारच नसेल तर ती शून्यच.

लाजेबद्दल एकच सांगते. मी बँकेत २९ वर्षं काढली. फसवणूक झालेली माणसं काउंटरवर आली की आवाज खाली करून बोलायची, जणू चोरी त्यांनीच केली आहे. शिक्षक, निवृत्त फौजदार, आमच्याच शाखेतला एक कर्मचारी, सगळे तसेच. त्यात दोन-तीन दिवस जायचे आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून निघून जायचे. लाजेचा फायदा फक्त चोराला होतो. तुमचे २२ दिवस त्याला आयतेच मिळाले.

आता तुमचा प्रश्न. सगळी जबाबदारी माझीच का?

नाही. पण "तुमची अजिबात नाही" असंही मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही आणि तुम्हालाही ते पटणार नाही. तुम्ही हिशेबनीस आहात, वेळा नीट टिपून ठेवल्या आहेत, तेव्हा हिशेबासारखंच बघू. त्या रात्री प्रत्येक टप्प्यावर चोराला कोण थांबवू शकत होतं?

९.४० ला तुम्ही बाहेरचा नंबर शोधलात. ही चूक तुमची. गूगलवर सगळ्यात वर दिसणारा नंबर पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिरातीतला असतो. पण तुम्ही बाहेर का शोधलंत, तर आत नंबर नव्हता म्हणून. लोकांच्या आयुष्यभराच्या पुंजी सांभाळणाऱ्या कंपनीने रात्री हाक मारायला एक दार ठेवायला नको का? ते नसलं की माणूस रस्त्यावर विचारत फिरतो, आणि रस्त्यावर कोण भेटेल याचा नेम नसतो. भामटे याच रिकाम्या जागेत दुकान मांडतात, हे एक्स्चेंजना माहीत नाही असं नाही.

१०.१२ ला त्याच्या डिव्हाइसवर तुमचं खातं उघडलं, कारण ओटीपी तुमच्या स्क्रीनवर आला आणि त्याने तो वाचला. हा टप्पा जवळजवळ पूर्ण तुमचा. यातून सुटका नाही.

१०.१७ ते १०.२१. इथे मात्र मी थबकले. ज्या खात्यातून चार वर्षांत एकदाही क्रिप्टो बाहेर गेलेलं नाही, तिथे अचानक अनोळखी डिव्हाइस येतं, पाच मिनिटांत अनोळखी ॲड्रेस जोडला जातो, आणि पुढच्या चार मिनिटांत निम्म्याहून जास्त शिल्लक रात्रीच्या वेळी निघून जाते. यातली एकही गोष्ट तुम्हाला त्या क्षणी दिसत नव्हती. एक्स्चेंजच्या यंत्रणेला सगळ्या दिसत होत्या. नेटबँकिंगमध्ये नवा लाभार्थी जोडला की पहिले काही तास रकमेवर मर्यादा असते. तिचा तुम्हालाही कधीतरी राग आला असेल. ती मर्यादा अशाच चार मिनिटांसाठी असते. क्रिप्टोच्या जगातही नव्या ॲड्रेसवर २४ तास पैसे न सोडण्याची सोय बऱ्याच एक्स्चेंजांकडे आहे, फक्त पुष्कळ ठिकाणी ती आपण होऊन चालू करावी लागते. जी सोय ग्राहकाला वाचवते ती आधीपासून चालू का नसते, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. व्यवहार जलद वाटावेत, ग्राहकाने कंटाळून दुसरीकडे जाऊ नये, हेच कारण असावं असं मला वाटतं. मग त्या वेगाची किंमत एकट्या ग्राहकाने का मोजायची?

१०.३० ला पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलल्यावर काही काळ पैसे बाहेर जाऊ न देणं ही या धंद्यात प्रचलित खबरदारी आहे. ती इथे नव्हती, म्हणून ११.०५ घडलं.

आणि १०.४० ते ११.०५. ही पंचवीस मिनिटं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. तुम्ही ओरडून सांगितलं होतं की घरात चोर शिरलाय. त्यानंतर गेलेले दीड लाख तुमच्या निष्काळजीपणामुळे गेले, असं कुणाला कसं म्हणता येईल?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात बँकांसाठी हाच न्याय घालून दिला. ग्राहकाने स्वतःच ओटीपीसारखी गोष्ट उघड केली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुठे यंत्रणा फुटली, आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य बोजा. हे परिपत्रक क्रिप्टो एक्स्चेंजना लागू नाही. ती बँका नाहीत, त्यांच्याकडच्या पैशांना ठेवविम्याचं संरक्षणही नाही. मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली त्यांना आर्थिक गुप्तचर विभागाकडे नोंदणी करावी लागते, पण ती नोंदणी म्हणजे तुमच्या पैशांची हमी नव्हे. तरीसुद्धा तुमच्या पत्रव्यवहारात या परिपत्रकाचा उल्लेख जरूर करा. न्यायाचं तत्त्व कोणतं, हे त्यातून दाखवता येतं.

"योग्य पासवर्ड व ओटीपी वापरून" हे एक्स्चेंजचं वाक्य पुन्हा वाचा. त्यातून एवढंच सिद्ध होतं की कुलपात बरोबर किल्ली फिरली. ती कुणाच्या हाताने फिरली, हे त्यात नाही. आणि दरवाजावरच्या राखणदाराने अनोळखी माणूस ट्रंक घेऊन जाताना का पाहिला नाही, हे तर नाहीच नाही.

आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सांगते. आयटी कायद्याखाली महाराष्ट्राचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे निवाडा अधिकारी असतात. पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. २०१३ मध्ये त्यांच्यापुढे पुण्याच्या एका कंपनीचं प्रकरण होतं. फिशिंगच्या, म्हणजे फसवून माहिती काढणाऱ्या बनावट मेलला उत्तर दिल्यानंतर पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. निवाडा असा झाला की बँकेने ४५ लाख द्यावेत. तक्रारदाराने मेलला उत्तर दिलं, म्हणून काही नुकसान त्याचं. चोरांची खाती उघडताना नीट पडताळणी केली नाही, म्हणून काही बँकेचं. तुमच्या बायकोला हे वाचून दाखवा. कायद्याच्या चौकटीतही "चूक तुझी" म्हटल्यावर विषय संपत नाही. समोरच्याची किती, हा प्रश्न उरतो.

मग काय करायचं? एक्स्चेंजच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. त्यात तुमची चूक आधी स्वतःहून लिहा. "मी स्क्रीन दाखवली" हे लपवलंत आणि नंतर बाहेर आलं, तर बाकीचं खरंही खोटं ठरेल. मग वेळा लिहा आणि विचारा की त्या रात्रीच्या लॉगिनचे आयपी पत्ते, डिव्हाइसची माहिती आणि विड्रॉलच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत का. यात घाई हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. त्यातले २२ गेले. पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा की वाद चालू आहे, नोंदी पुसू नका.

उत्तर समाधानकारक नसेल तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. एक्स्चेंज म्हणेल की करारात लवादाचं कलम आहे. तेवढ्याने ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. ते असंही म्हणतील की तुम्ही नफ्यासाठी आला होतात, ग्राहक कसले? हा मुद्दा खरोखर लढवावा लागेल, म्हणून वकिलाला एकदा कागद दाखवा. माझं मत विचाराल तर ११.०५ च्या दीड लाखांवर ठाम उभे राहा, आणि १०.२१ च्या अडीच लाखांत वाटा मागा. सगळे चार लाख मागून 'मी निर्दोष' म्हणणाऱ्या तक्रारीपेक्षा ही जास्त टिकेल असं मला वाटतं. आयकरात ही रक्कम पगारातून वजा होईल अशी आशा मात्र धरू नका. क्रिप्टोमधला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही.

आता आक्का. खरं तर मला पत्राचं उत्तर लिहायचं होतं ते तिच्यासाठी.

तिने पैसे दिले. खातं तिच्या नावावर नव्हतं, पासवर्ड तिच्याकडे नव्हता, तिला ॲप उघडून शिल्लक पाहता येत नव्हती. काही झालं तर हाक मारायला तिच्याकडे एकच नंबर होता, तुमचा. ती तो नंबर लावते आहे आणि पलीकडून "बाजार पडलाय" हे उत्तर येतं आहे. तुम्हाला ३१ तासांनी आलेल्या त्या मेलने जेवढं दुखावलं, त्यापेक्षा हे उत्तर बरं आहे का? आक्कासाठी एक्स्चेंज तुम्हीच होतात.

या धंद्यात चोरी झाल्यावर कोण कसं वागलं, याचे दाखले आहेत. टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजमधून बिटकॉइन वर्षानुवर्षे झिरपत राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बंद पडलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं लोकांना कळलं. त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले, आणि लोकांना बिटकॉइनमध्ये परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्सवरून जवळपास १ लाख २० हजार बिटकॉइन गेले. कंपनीने ज्यांचं काही चोरीला गेलं नव्हतं त्यांच्यासकट सगळ्यांच्या शिलकीतून ३६ टक्के कापले आणि बदल्यात तेवढ्या देण्याचे टोकन दिले, जे पुढे फेडले. मुंबईच्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ ला सुमारे २३ कोटी डॉलरचा दरोडा पडला, जो अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने पुढे उत्तर कोरियाच्या हॅकरांच्या नावावर टाकला. तिथल्या ग्राहकांनी, ज्यांनी ना ओटीपी दिला होता ना स्क्रीन दाखवली होती, सिंगापूरच्या न्यायालयातली पुनर्रचना पूर्ण होईपर्यंत सव्वा वर्ष आपल्या क्रिप्टोची वाट पाहिली.

दुसऱ्या बाजूचेही दाखले आहेत. जपानच्या कॉइनचेकवरून जानेवारी २०१८ मध्ये नेम नावाच्या क्रिप्टोची ५२ कोटींहून अधिक नाणी गेली. कंपनीने दोन महिन्यांच्या आत सुमारे २ लाख ६० हजार ग्राहकांना स्वतःच्या पैशातून येनमध्ये भरपाई दिली. कॉइनडीसीएक्सवर जुलै २०२५ मध्ये ४.४ कोटी डॉलरची चोरी झाली तेव्हा कंपनीने तो तोटा आपल्या तिजोरीतून सोसला. आणि तुमच्या प्रकरणाला सर्वांत जवळचं उदाहरण कॉइनबेसचं. तिथे चोरट्यांनी परदेशातल्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती काढली आणि तिच्या आधारे कंपनीचे प्रतिनिधी असल्याचं भासवून लोकांना फसवलं. मे २०२५ मध्ये कंपनीने दोन कोटी डॉलरची खंडणी नाकारली. फसून ज्यांनी स्वतःच्या हाताने पैसे पाठवले त्यांनाही भरपाई देऊ, असं जाहीर केलं.

आता सांगा, आक्काच्या बाबतीत तुम्ही यांतलं कोण होणार?

तुम्ही म्हणाल, तिलाही ठाऊक होतं की यात जोखीम आहे. बरोबर. बाजार पडला असता आणि तिचे १,४०,००० चे ८०,००० झाले असते तर मी तुम्हाला एक पैसाही भरायला सांगितलं नसतं. बाजाराची जोखीम तिने घेतली होती. राखणीची जोखीम तिने घेतलीच नव्हती, ती तुमच्याकडे होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या प्रकरणात म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळता येते. एक्स्चेंजने तुमच्याशी विश्वस्तासारखं वागावं अशी तुमची अपेक्षा आहे ना? मग आक्काचे विश्वस्त तुम्ही होतात. "बाजार पडलाय" म्हणून तुम्ही राखणीतलं नुकसान गुपचूप बाजाराच्या खात्यावर टाकताय. हिशेबनीस माणसाला हे सांगायला नको, की ती नोंद खोटी आहे.

म्हणून माझ्या मते तिचे १,४०,००० तुम्ही पूर्ण देणं लागता, एक्स्चेंजने तुम्हाला काही दिलं किंवा नाही दिलं तरी. एकरकमी जमणार नाही, हे मला कळतं. महिन्याला ५,००० दिलेत तर २८ महिने लागतील. जड जाईल, पण होईल. आणि पोलिसांकडून, आयोगाकडून, कुठूनही जे काही परत येईल, ते आधी तिचं आणि मग तुमचं, हे कागदावर लिहून द्या. बायकोला विश्वासात घेऊन हे ठरवा, कारण ते पाच हजार तिच्याही घरातून जाणार आहेत.

आणखी एक गोष्ट पोलिसांच्या तक्रारीसंबंधी. खातं तुमच्या केवायसीवर आहे, त्यामुळे आक्काला स्वतःच्या नावाने एक्स्चेंजविरुद्ध उभं राहता येणार नाही. तुमच्या तक्रारीत मात्र तिचे १,४०,००० असल्याचं खरं खरं लिहा, तिने बँकेतून किंवा यूपीआयने पाठवले असतील तर ती नोंद जोडा. याचाच अर्थ असा की पोलिस तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी तिला सगळं माहीत असलं पाहिजे. उद्या पोलिसांचा फोन आला आणि तिला त्यांच्याकडून कळलं, तर पैशांपेक्षा मोठं काहीतरी जाईल.

पुढे पुन्हा कधी या वाटेला जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. सगळे सांगतात की एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. सल्ला चांगलाच आहे, दुसऱ्या कुणी तुमच्या नावाचं सिम काढून घेतलं तर त्याने वाचाल. पण त्या रात्री त्याचाही उपयोग झाला नसता, कारण ॲपमधले सहा आकडेसुद्धा त्याच स्क्रीनवर दिसले असते. जे वाचता येतं ते चोरता येतं. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीसारखी छोटी सुरक्षा किल्ली घेतली तर वाचून दाखवण्यासारखा आकडाच उरत नाही. ती तुमच्याकडच्या वस्तूशी आणि खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. एक्स्चेंज ही सोय देत असेल तर तीच घ्या. त्याहून आधी ॲड्रेस व्हाइटलिस्ट (तुम्ही आधी मंजूर केलेल्या ॲड्रेसची यादी) चालू करा, म्हणजे नव्या ॲड्रेसला वाट पाहावी लागेल. त्या चार मिनिटांचे २४ तास झाले असते तर आज तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. एक्स्चेंजसाठी वेगळा ई-मेल ठेवा, जो दुसरीकडे कुठेच दिलेला नाही.

वर्षानुवर्षं ठेवायचं क्रिप्टो स्वतःच्या वॉलेटमध्ये न्या, असंही लोक सांगतील. त्यात एक्स्चेंज फुटण्याची भीती जाते. पण वॉलेट उघडणारा बारा किंवा चोवीस शब्दांचा तो सीड फ्रेज हरवला, किंवा फोटो काढून गॅलरीत ठेवला आणि कुणी पाहिला, तर तक्रार करायला समोर माणूसच नसतो. ज्याला कागद जपून ठेवायची सवय आहे त्यानेच तिकडे जावं. तुम्हाला ती असावी. पण दुसऱ्याचे पैसे त्यात कधीच नकोत, कितीही सख्खं माणूस असलं तरी. आक्काला हवं असेल तर तिचं वेगळं खातं, तिच्या नावावर, तिच्या फोनवर.

आता मिरजेला जा. हे फोनवर सांगायचं नाही. इचलकरंजीहून फार लांब नाही, येत्या रविवारी दुपारी, दाजी घरी नसतील अशी वेळ आक्कालाच विचारून घ्या. जाताना १९३० च्या तक्रारीची प्रत, मेलच्या छापील प्रती, परतफेडीचा कागद आणि पहिले पाच हजार घेऊन जा. सुरुवात "आक्का, मी तुला खोटं सांगत होतो" या वाक्याने करा, नंतरचं आपोआप येईल. ती रागावेल, कदाचित रडेल. मध्ये बोलू नका, त्या माणसाचं मराठी किती चांगलं होतं हे सांगू नका. ती विचारेल तेवढं सांगा आणि कागद तिच्या हातात द्या. दाजींना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तिला ठरवू द्या.